बालीतील गाव: पाहुण्यांना दाखवले जाते ते आणि दाखवले जात नाही ते

बाली बेटावर येणाऱ्या प्रत्येक परदेशी पर्यटकाकडून १४ फेब्रुवारी २०२४ पासून दीड लाख रुपिया, म्हणजे आपल्या हिशेबाने साधारण आठशे रुपये, इतका कर घेतला जातो. बेटाची संस्कृती आणि निसर्ग जपण्यासाठी हा पैसा वापरला जावा, असा त्यामागचा जाहीर हेतू आहे. पुढे मार्च २०२५ मध्ये तिथल्या गव्हर्नरांनी परदेशी पाहुण्यांसाठी वर्तनाचे नियम काढले. पूजेला आलेल्या माणसाखेरीज कोणी मंदिराच्या आतल्या, सर्वांत पवित्र आवारात जाऊ नये, धार्मिक स्थळी अंग झाकणारा शालीन पोशाख असावा, पवित्र झाडांवर चढू नये, अशा स्वरूपाचे हे नियम आहेत. २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षांत बालीला गेलेल्या परदेशी प्रवाशांमध्ये ऑस्ट्रेलियानंतर भारतीयांचाच क्रमांक लागला, त्यामुळे या बातम्यांची चर्चा आपल्याकडेही झाली.

मुंबई-पुण्याहून निघणाऱ्या सहलींच्या कार्यक्रमात ‘पारंपरिक बाली गावाला भेट’ हा अर्ध्या दिवसाचा थांबा बहुधा असतोच. तिथे माग चालताना दिसतो, चांदीचे नाजूक काम दिसते, फरसबंदी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एकसारखी दारे दिसतात, आणि परतताना अनेकांच्या मनात एकच शंका असते: हे लोक खरोखर असेच राहतात, की आपण येणार म्हणून सगळे मांडून ठेवले होते? शंका रास्त आहे. पण ‘खरे की खोटे’ एवढ्या दोनच खणांत तिचे उत्तर बसत नाही. काय दाखवायचे, किती दाखवायचे आणि काय अजिबात दाखवायचे नाही हे ठरवणारी एक जुनी व्यवस्था बालीच्या गावांत आहे. ती एकदा समजली की समोर दिसणाऱ्या गोष्टींचा अर्थ लागू लागतो.

एकाच जागेवर दोन गावे

बालीत बहुतेक ठिकाणी एकाच वस्तीवर दोन गावे नांदतात. एक सरकारी गाव, जे ओळखपत्र, दाखले, रस्ते आणि निवडणुका यांचा कारभार पाहते. दुसरे ‘देसा आदात’, म्हणजे रूढीने बांधलेले गाव. मंदिरे, सण, अंत्यसंस्कार, गावठाणाची जमीन आणि माणसांनी एकमेकांशी कसे वागावे याचे नियम हे या दुसऱ्या गावाकडे असते. अशी सुमारे दीड हजार गावे बालीत आहेत, आणि २०१९ च्या प्रांतिक कायद्याने त्यांचे अधिकार नव्याने स्पष्ट करण्यात आले.

कोकणातल्या वाचकाला हे चटकन समजेल. ग्रामपंचायत दाखला देते, पण ग्रामदेवतेची पालखी कोणत्या वाटेने निघणार आणि कोणाच्या अंगणात थांबणार हे गावकी आणि मानकरी ठरवतात. फरक इतकाच, आणि तो मोठा आहे, की बालीतल्या या गावकीला कायद्याची मान्यता आहे, तिचे स्वतःचे लेखी नियम आहेत, १९८४ पासून सुरू झालेल्या गावोगावच्या स्वतःच्या पतसंस्था आहेत आणि रस्त्यावर उभे राहणारे स्वतःचे रक्षकही आहेत. काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचे वस्त्र कमरेला गुंडाळून मिरवणुकीपुढे गाड्या थांबवणारी माणसे प्रवाशांना दिसतात, ती पोलीस नसून गावाने नेमलेली असतात.

रूढीच्या गावाची ओळख तीन मंदिरांवरून होते. एक गावाच्या मूळ स्थापनेचे आणि पूर्वजांचे, दुसरे गावाच्या रोजच्या व्यवहाराचे, तिसरे मृत्यूशी निगडित आणि स्मशानाजवळचे. गावाच्या आत आणखी लहान घटक असतो, ‘बांजार’. त्याला आपण आळी किंवा वाडी म्हणू शकतो, पण त्याचे काम आळीपेक्षा फार व्यापक आहे. लग्न झालेले जोडपे बांजारचे सदस्य होते. बांजारच्या चावडीवर टांगलेला पोकळ लाकडी टोला ठरावीक लयीत वाजला की कोणत्या कामासाठी जमायचे आहे हे लोकांना कळते. मंदिराचा मांडव, उत्सवाचा स्वयंपाक, कोणाच्या घरचे अंत्यसंस्कार, या सर्वांसाठी प्रत्येक घराने विनामोबदला राबायचे असते. या राबण्याला ‘न्गायाह’ म्हणतात. ते ऐच्छिक दान नसून गावात राहण्याच्या हक्काची दुसरी बाजू आहे. वारंवार टाळाटाळ करणाऱ्याला दंड होतो, आणि टोकाच्या प्रसंगी गाव त्याच्याशी व्यवहार तोडते. तसे झाले तर घरातल्या मृताला गावाच्या स्मशानात जागा मिळण्यापासूनच अडचणी सुरू होतात.

पर्यटकाला दिसणारे नृत्य, तोरणे, फुलांच्या परड्या आणि वाद्यमेळ हे सारे या राबण्यातून उभे राहते. एखाद्या कंपनीने पगारी माणसे नेमून ते उभे केलेले नसते, हे प्रथम लक्षात घ्यावे लागते.

दार, आडोसा आणि देवघर

बालीतले पारंपरिक घर म्हणजे एक इमारत नसून भिंतीने वेढलेले आवार असते. दगडी किंवा विटांच्या दारातून आत शिरताच समोर एक आडवी भिंत येते आणि पाहुण्याला बाजूने वळून जावे लागते. अनिष्ट शक्ती सरळ रेषेत जातात, अशी त्यामागची समजूत आहे. आत निजायची, पाहुण्यांची आणि संस्कारांची अशा वेगवेगळ्या छपऱ्या असतात, स्वयंपाकघर वेगळे असते, धान्याचे कोठार वेगळे असते. दिशा मोजण्याची रीतही निराळी आहे. ‘डोंगराकडे’ आणि ‘समुद्राकडे’ हे तिथले मुख्य दिशादर्शक शब्द आहेत. घरचे देऊळ डोंगर आणि उगवती यांच्या कोपऱ्यात असते, तर स्वयंपाकघर समुद्राच्या बाजूला. घराची मापे मालकाच्या शरीरावरून, म्हणजे त्याच्या पसरलेल्या हातांवरून, मुठीवरून आणि पावलावरून घेण्याचा प्रघात आहे.

बांगली जिल्ह्यातल्या पेंगलिपुरान या गावात ही रचना सर्वांत नेटकेपणाने पाहायला मिळते. एका सरळ फरसबंदी रस्त्याच्या दोन्ही अंगांना सारख्या घाटाची दारे आहेत, काही छपरे आजही बांबूच्या चिपांनी शाकारलेली आहेत, रस्त्यावर वाहनांना मज्जाव आहे आणि गावामागे सुमारे ४५ हेक्टर बांबूचे वन राखलेले आहे. एकाहून अधिक बायका करण्याला या गावात मनाई आहे. तसे करणाऱ्यासाठी गावाच्या कडेला एक वेगळी जागा नेमून ठेवलेली आहे आणि तिथे राहायला जाणाऱ्याचे गावातले हक्क आक्रसतात. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संस्थेने २०२३ मध्ये जगातील उत्तम पर्यटन गावांच्या यादीत पेंगलिपुरानचा समावेश केला. रस्ता चित्रासारखा दिसतो हे खरे. पण बांबू कधी तोडायचा आणि दाराचा घाट का बदलायचा नाही, हे नियम पर्यटकांच्या सोयीसाठी जन्माला आलेले नाहीत.

एका वस्त्रासाठी काही वर्षे

बालीतल्या हस्तकलांची नुसती गावनिहाय यादी करायची तर ती लांबेल: चेलुकची चांदी, मासचे लाकडी कोरीवकाम, बातुबुलानचे दगडी शिल्प, कामासानची पुराणचित्रे, तिहिंगानची काशाची वाद्ये. त्यांपैकी एकाच कामाजवळ थोडे थांबू, कारण गावाचे नियम आणि गावाची कला एकमेकांत कशा गुंतल्या आहेत हे त्यात सर्वांत स्पष्ट दिसते.

पूर्व बालीत कारांगआसेम जिल्ह्यात तेंगानान पेगेरिंगसिंगान नावाचे गाव आहे. बाहेरचे राजे आणि दरबारी रीती येण्यापूर्वीपासूनचे समजल्या जाणाऱ्या मोजक्या गावांपैकी हे एक. इथे ‘गेरिंगसिंग’ नावाचे वस्त्र विणतात. ‘गेरिंग’ म्हणजे आजार आणि ‘सिंग’ म्हणजे नाही. ते अंगावर असले की व्याधी आणि अरिष्ट दूर राहतात, अशी श्रद्धा आहे.

नेहमीच्या कापडावर नक्षी छापतात, भरतात किंवा विणताना काढतात. इथे सूत मागावर चढण्याआधीच त्यावर नक्षी असते. सुताच्या ज्या भागाला रंग लागू द्यायचा नाही त्याला घट्ट गाठी बांधायच्या, सूत रंगात बुडवायचे, गाठी सोडायच्या, दुसऱ्या जागी बांधायच्या आणि पुन्हा बुडवायचे. इतर अनेक ठिकाणी हे फक्त उभ्या किंवा फक्त आडव्या धाग्यांवर करतात. तेंगानानमध्ये ते दोन्हींवर होते. एका पारदर्शक कागदावर चित्राच्या उभ्या रेघा आणि दुसऱ्यावर आडव्या रेघा काढल्या, आणि दोन्ही कागद एकमेकांवर ठेवल्यावर प्रत्येक ठिपका नेमक्या जागी बसला पाहिजे, असे मानले तर या कामातली अडचण ध्यानात येईल. शिवाय इथे कागदाऐवजी ताणले जाणारे, सैल पडणारे सूत असते. विणणारी बाई पायापुढे माग लावून, कमरेच्या पट्ट्याने ताण सांभाळत बसते, आडवा धागा टाकते आणि मग टोकदार काडीने एकेक धागा हलकेच सरकवून नक्षी जुळवते. धाग्यांना सरकायला वाव राहावा म्हणून वीण मुद्दाम सैल ठेवलेली असते.

रंग तीनच. सुताला प्रथम एका जंगली बदामासारख्या बीचे तेल पाजतात. त्यासाठी ते ४२ दिवस किंवा त्याहूनही अधिक काळ तेल आणि राखेच्या पाण्यात मुरवतात, आणि त्यातून फिकट पिवळसर रंग येतो. निळ्यासाठी सूत शेजारच्या बुगबुग गावी जाते, कारण निळीचे रंगकाम तेंगानानच्या हद्दीत करत नाहीत. तांबडा रंग नोनीच्या मुळांच्या सालीपासून, पुन्हा पुन्हा बुडवून आणि मधे सूत मुरू देऊन चढवतात. एक वस्त्र पुरे व्हायला त्यामुळे काही वर्षे सहज लागतात. मागावरून उतरते तेव्हा ते वलयासारखे असते, उभे धागे कुठेही तुटलेले नसतात. काही विधींना असे न कापलेले वस्त्रच लागते. अंगावर घ्यायचे असेल तर ते कापून उघडतात.

ही दुहेरी पद्धत जगात फार थोड्या ठिकाणी टिकली आहे आणि त्यांपैकी एक ठिकाण आपल्या शेजारी आहे. गुजरातमधल्या पाटणचे रेशमी पटोळे शतकानुशतके व्यापारातून इंडोनेशियाच्या बेटांवर गेले, तिथे ते राजघराण्यांत आणि देवकार्यांत मान पावले, आणि गेरिंगसिंगच्या काही नमुन्यांत त्यांची छाया अभ्यासकांना दिसते. गेरिंगसिंग मात्र सुती असते.

याच गावात जमीन बाहेरच्या माणसाला विकता येत नाही आणि गहाणही टाकता येत नाही. बहुतांश जमीन गावाच्या सामाईक मालकीची आहे. गोव्यातल्या गावकारीची आठवण व्हावी अशी ही रीत आहे. ड्युरियनसारख्या काही झाडांची फळे तोडण्यालाही बंदी आहे, ती आपोआप पडली पाहिजेत; पडलेले फळ ज्याला सापडेल त्याचे. ज्या गावाने आपली जमीन विकली नाही, त्यालाच एका कापडावर काही वर्षे घालवणे परवडते, असे माझे मत आहे. ही कला वाचवायची म्हणून केवळ विणकरांना अनुदान देणारी योजना आखली तर ती याच ठिकाणी फसेल.

हे सगळे पर्यटकांसाठीचे नाटक नाही का?

आता मूळ शंकेकडे वळू. तिचे सर्वांत नेमके उत्तर बालीच्या लोकांनीच दिले आहे. १९६९ मध्ये बालीचा विमानतळ आंतरराष्ट्रीय झाला, पर्यटकांची संख्या वाढू लागली आणि मंदिरातली नृत्ये हॉटेलांच्या अंगणात दिसू लागली. ते अनेकांना खटकले. १९७१ मध्ये बालीची राजधानी देनपासार येथे एक परिसंवाद भरला आणि त्यात नृत्यांची तीन गटांत विभागणी करण्यात आली. मंदिराच्या आतल्या आवारात होणारी, विधीचाच भाग असलेली नृत्ये म्हणजे ‘वाली’. मधल्या आवारात, विधीच्या सोबतीने होणारी म्हणजे ‘बेबाली’. बाहेरच्या आवारात, रंजनासाठी होणारी म्हणजे ‘बालिह-बालिहान’. पाहुण्यांसाठी तिकीट लावून दाखवायची ती शेवटच्या गटातली. २०१५ मध्ये युनेस्कोने या तिन्ही गटांतली मिळून नऊ नृत्ये मानवजातीच्या वारशाच्या यादीत घेतली, तीही याच तीन नावांनी.

आपल्या जुन्या वाड्याची मांडणी डोळ्यांपुढे आणावी. ओसरी, माजघर, देवघर. परका माणूस ओसरीवर बसतो, त्याला पाणी आणि गूळ मिळतो, गप्पा होतात. ओसरी देवघर नसते. पण म्हणून ती खोटीही नसते, ती घराचाच भाग असते. बालीतला पाहुणा ओसरीवर बसलेला असतो.

बारोंग या सिंहासारख्या रक्षक प्राण्याच्या मुखवट्याचेही असेच आहे. काही मुखवटे विधीपूर्वक चैतन्य घालून मंदिरात ठेवलेले असतात आणि ठरावीक दिवशीच बाहेर येतात. प्रयोगासाठीचे मुखवटे वेगळे करतात. पेणच्या कारखान्यात मांडणीवर ठेवलेली गणेशमूर्ती आणि घरी आणून प्राणप्रतिष्ठा केलेली मूर्ती यांत मातीचा, साच्याचा आणि रंगाचा फरक नसतो, तरी दोन्हींसमोर आपण सारखे वागत नाही. कारखान्यातली मूर्ती पाहून आलेला परदेशी माणूस ‘मला खोटा गणपती दाखवला’ असे म्हणाला, तर आपण त्याला जे समजावून सांगू तेच इथे लागू पडते.

असे असले तरी या सीमा दगडात कोरलेल्या नाहीत. समुद्रकाठी मावळतीला शेकडो पर्यटक पाहतात तो ‘केचाक’, म्हणजे ‘चक-चक’ असा घोष करत बसलेल्या पुरुषांच्या वर्तुळात रामकथा उलगडणारा प्रयोग, हा फार प्राचीन नाही. देवता अंगात येण्याच्या एका विधीतला समूहघोष घेऊन तो १९३० च्या दशकात आकाराला आला आणि त्यात नर्तक वायान लिंबाक यांच्याबरोबर जर्मन चित्रकार वाल्टर श्पीस यांचाही हात होता. उलट दिशेचेही उदाहरण आहे. पेंदेत हे मंदिरातले नृत्य पाहुण्यांच्या स्वागतासाठी वापरणे बरे नव्हे, म्हणून पान्येम्ब्रामा नावाचे वेगळे स्वागतनृत्य रचण्यात आले. पुढे ते नृत्यशाळेत शिकलेल्या मुलींनी आपापल्या गावी मंदिराच्या उत्सवात देवापुढे सादर केले. ओसरीसाठी केलेली वस्तू देवघरात गेली, आणि गावाने ती ठेवून घेतली.

या सगळ्यापेक्षा ठळक पुरावा हवा असेल तर न्येपीचा दिवस पाहावा. शक संवत्सराच्या आरंभी येणाऱ्या या दिवशी बालीत विस्तव पेटवत नाहीत, काम करत नाहीत, घराबाहेर पडत नाहीत, करमणूक करत नाहीत. विमानतळ चोवीस तास बंद असतो आणि पर्यटकालाही हॉटेलच्या आवाराबाहेर पाऊल टाकता येत नाही. शक आपलाही आहे. २०२६ मध्ये १९ मार्चला आपल्याकडे शके १९४८ ची गुढी उभारली गेली, त्याच दिवशी बालीत शक १९४८ ची शांतता होती. पाहुण्यांवर पोट असलेले बेट वर्षातून एक दिवस त्याच पाहुण्यांना आत बसवून दिवे मालवते. हे नाटक म्हणावे तर ते पाहायला प्रेक्षकच नसतात.

पैसा आला की परंपरा बाटत नाही का?

पैशाने बदल होतो, यात शंका नाही. १९३६ मध्ये उबुदच्या परिसरात पिता महा नावाची कलावंतांची संस्था स्थापन झाली. देवळांसाठी आणि राजवाड्यांसाठी काम करणारे हात त्या काळात परदेशी ग्राहकांसाठी चित्रे आणि लाकडी शिल्पे करू लागले, आणि देवदेवतांबरोबर शेत, बाजार, बेडूक आणि बगळेही चित्रांत आले. त्यातून उत्तम कलावंत घडले. आज त्याच गावांच्या रस्त्यांवर एका साच्यातली शेकडो लाकडी मांजरेही रचून ठेवलेली असतात. ही दोन्ही फळे एकाच झाडाची आहेत.

पैसा परंपरेवरच परत खर्च होतो का, हा अधिक उपयोगी प्रश्न आहे. पेंगलिपुरानसारख्या गावात तिकिटाचा एक हिस्सा जिल्हा प्रशासनाकडे आणि दुसरा गावाकडे जातो. गावाच्या हिश्शातून मंदिरांची दुरुस्ती आणि उत्सव होतात, म्हणजे घराघरावर पडणारी वर्गणी हलकी होते. महासाथीच्या काळात या व्यवस्थेची कसोटी लागली. २०२१ या संपूर्ण वर्षात बालीत विमानाने थेट उतरलेल्या परदेशी पर्यटकांची संख्या शंभराच्याही आत होती. हॉटेले बंद पडली, हजारोंचा रोजगार गेला, अनेक जण गावी परतून शेतीला लागले. तरी दर २१० दिवसांनी येणारा गालुंगान सण आला तेव्हा दारोदारी बांबूच्या वाकलेल्या, सजवलेल्या काठ्या उभ्या राहिल्या. पाहणारा कोणी नव्हता तेव्हाही त्या उभ्या होत्या.

मग सगळे आलबेल आहे का?

नाही, आणि गोड चित्र रंगवणे त्या लोकांवर अन्याय करणारे ठरेल. देवापुढे ठेवायच्या वस्तूंचे बहुतेक काम बायकांच्या वाट्याला येते. पर्यटकांना दिसणारी लहान परडी ही त्यातली सर्वांत साधी गोष्ट. मोठ्या उत्सवाआधी कित्येक दिवस पाने चिरणे, गुंफणे आणि रचणे चालते, आणि ते नोकरी, मुले व स्वयंपाक सांभाळून. शहरात नोकरी करणाऱ्या अनेक जणी आता या वस्तू बाजारातून तयार विकत घेतात. त्यात पावित्र्य कमी झाले असे मानण्याचे कारण मला दिसत नाही, पण खर्च वाढतो आणि ज्यांना तो झेपत नाही त्यांची ओढाताण होते. देनपासारमध्ये हॉटेलात पाळीचे काम करणाऱ्या तरुणाला गावी न्गायाहसाठी दर वेळी रजा मिळत नाही आणि गाव त्याची सबब दर वेळी ऐकून घेते असेही नाही. गावबहिष्काराचे हत्यार सूडासाठीही वापरले जाऊ शकते.

जमिनीचा प्रश्न तर याहून गंभीर आहे. तेंगानानला जमीन विकता येत नाही. दक्षिण बालीतल्या भातशेतीच्या मालकाला ती विकता येते, आणि व्हिला बांधणारा जो भाव देतो तो भाताने कधीच मिळत नाही. पाटाचे पाणी वाटून घेणाऱ्या शेतकऱ्यांच्या संघटनांना युनेस्कोने २०१२ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान दिला. पण वरच्या अंगाच्या काही शेतांवर इमारती उभ्या राहिल्या की खालच्या शेताचा पाटच तुटतो. पर्यटनाने गावाचे काय होते, याचे उत्तर बव्हंशी जमीन कोणाच्या नावावर आहे यात दडलेले आहे.

पाहुण्याने काय पाहावे, काय विचारावे?

विक्रीला टांगलेल्या कापडांत गेरिंगसिंग कोणते आणि बाहेरून आणलेले कोणते, हे सरळ विचारावे. विणणारी बाई दोन्हींतला फरक धाग्यावर बोट ठेवून दाखवू शकते. तिकिटाचे पैसे गावाकडे जातात का, हेही विचारावे. आतल्या आवाराचे दार मिटलेले असेल तर ते मिटलेलेच राहू द्यावे. बालीचा धर्म आपल्या ओळखीच्या देवांची नावे घेतो म्हणून ‘हे तर आपलेच’ असे मानून आपल्या रीती तिथे लावू नयेत. तिथले विधी, पंचांग आणि मृत्यूविषयीच्या कल्पना स्वतंत्रपणे वाढलेल्या आहेत.

आपल्या माणसांना तिथे हमखास पडणारा एक प्रश्न रस्त्यावरच्या परड्यांचा असतो. दुकानाच्या उंबऱ्यावर, पदपथावर, गाडीच्या पुढ्यातसुद्धा नारळाच्या कोवळ्या पानांची तळहाताएवढी परडी ठेवलेली असते. तळाशी विड्याचे पान, चुना आणि सुपारी. वर पूर्वेला पांढरी, दक्षिणेला तांबडी, पश्चिमेला पिवळी आणि उत्तरेला निळी किंवा हिरवी अशी फुले. त्यावर बारीक चिरलेला केवड्याच्या जातीचा पाला. ठेवणारी बाई उदबत्ती लावते, फुलाने पाणी शिंपडते आणि हाताने धूर वरच्या दिशेला वळवते. उदबत्ती जळत असेपर्यंत परडी ओलांडू नये, बाजूने जावे. ती विझल्यावर देवांनी आपला भाग घेतला असे मानतात; मग कोंबडी येऊन त्यातले भाताचे शित टिपते, कुत्रा बिस्किटाचा तुकडा नेतो, आणि चुकून कोणाचा पाय लागला तरी कोणी रागावत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच जागी नवी परडी असते.